दोन बोटं

पहाटे साडेपाचला वान्कायोत गवत पांढरं असतं.
मांतारो नदीच्या कडेनं, निलगिरीखालून जाणारा
दोन किलोमीटरचा डांबरी तुकडा आमचा.
रुत पुढे चालते, मी मागे सायकलवर,
आणि बाजाराला निघालेल्या बायका
तिची डुलणारी कंबर बघून हॅटखाली हसतात.
हसू देत. मला त्या तीस वर्षं हसतायत.

नियम दोनच.
एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा.
टेकला की गुडघा सरळ, अंग त्यावरून पुढे जाईपर्यंत.
बाकी कितीही घाई कर.
नव्या पोरींना मी सांगते:
दूध उतू चाललंय, धावायचंय,
पण वाटेत बाळ झोपलंय.

मी डोळ्यांनी बघत नाही, ऐकते.
डांबरावर टाच, मग टाच, मग टाच.
दोन आवाजांत फट पडली
की सायकलची घंटा वाजवते.
तेवढ्यानं रुत पोमालासा ताळ्यावर येते.
तिची आई बटाटे विकते, अठरा जातींचे,
आणि अजून विचारते, ही पळत का नाही?
पळणाऱ्यांना निदान बूट फुकट मिळतात.

माझं म्हणाल तर
ग्वायाकील, एकोणिसावा किलोमीटर.
समुद्राकाठची जाड हवा
आमच्या डोंगरी फुप्फुसांना लग्नातल्या जेवणासारखी.
मी दुसरी होते.
फलकावर माझ्या नंबरापुढे दोन लाल खुणा,
तीन झाल्या की घरी,
आणि समोर एकच पाठ, हिरव्या बनियनची,
जवळ येत चाललेली.
मी काही ठरवलं नाही. पायांनी ठरवलं.
वळणावर एक म्हातारा पंच
लाल पाटी घेऊन असा पुढे आला
जणू मला पत्ता विचारणार होता.

छातीवरचा नंबर काढून दिला.
पिना खिशात राहिल्या, वाकलेल्या,
दोन दिवसांच्या बसप्रवासात मांडीला टोचत.
शेजारची बाई, तिला काय झालं ते ठाऊकही नव्हतं,
माझं तोंड बघून म्हणाली, चालायचंच.
मला हसू फुटलं.
तेवढंच तर आता नव्हतं.

आता कॅमेरे आलेत.
रुतच्या भावानं परवा मोबाइलवर
तिची चाल संथ करून दाखवली.
प्रत्येक पावलाला ती अधांतरी.
मग जगातल्या पहिल्या दहा जणी दाखवल्या.
सगळ्या अधांतरी,
पापणी मिटते त्याहून कमी वेळ.
नियमात म्हणे तसं लिहिलंय:
माणसाच्या डोळ्याला दिसलं, तरच गुन्हा.
म्हणजे जमीन सगळ्याच सोडतात,
एखादी सापडते.
हे मला त्या बसमध्ये कुणी सांगितलं असतं तर...
कोण जाणे. कदाचित
मी आईच्या खानावळीत सूप वाढत बसले असते,
आणि ते सूपही चांगलं होतं.

काल रुतनं विचारलं, नाडी बांधता बांधता,
माझ्याकडे न बघता:
प्रोफे, त्या दिवशी खरंच सुटली होती का जमीन?

मी चेनला तेल घालत होते.
इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलंय, पंच आंधळा होता.
आईला सांगितलं. नवऱ्याला. पाद्र्यालासुद्धा.
तिला म्हटलं, हो.
दोन बोटं असेल.
स्वर्गही तेवढाच उरला होता.

ती काही बोलली नाही.
उठली, चालायला लागली,
आणि तिसऱ्या निलगिरीपाशी
मला फट ऐकू आली,
स्वच्छ, श्वासाएवढी.
अंगठा घंटेवरच होता.
ऊन अजून नदीपलीकडे.
वाजवली.
जरा उशिरा वाजवली.