पंधरा ग्रॅम

अकरा महिने तिनं हा सॉस विकला
आणि आत काय असतं ते तिला ठाऊक नाही.
पिशवीवर नाव नसायचं म्हणते, नुसता आकडा.
पिशवी पिचकारीत घालायची, खटका दाबायचा,
एका पावाला एक खटका, पंधरा ग्रॅम.
दुसरा दाबला तर वर कॅमेऱ्यात दिसायचं.

"मग चव नाही का घेतली कधी?"
"घेतली की. दहा तास उभं राहिल्यावर
तोंडाला सगळं एकसारखंच लागतं, माय."

औरंगाबादेहून परवा वसमतला आली श्रावस्ती.
एक बॅग, एक टोपी,
टोपीवरचं चिन्ह उसवून काढलेलं.
काहून सोडलं, ते मी विचारलं नाही.
आज सकाळी आपणच म्हणाली,
घरी करून बघू का तो सॉस?
म्हटलं, बघू.

मी मोंढ्यात हळद निवडते, एकोणीस वर्षं झाली.
कांडी मोडल्याच्या आवाजावरून सांगते
किती वाळली, काय भाव येईल.
ग्रॅम तिचे. माझ्याकडं नाक आहे.

अंडं फोडलं. तेल थेंब थेंब.
ती ओतायली, मी ताकाच्या रवीनं घुसळायले,
आणि फाटलं.
तेल एकीकडं, अंडं एकीकडं,
भांडलेल्या जावांसारखं.
टाकून देऊ म्हणाली. मी देऊ देते होय?
दुसऱ्या अंड्याच्या बलकात तेच फाटलेलं
चमचा चमचा सोडलं,
तर धरलं बाई. रवी जड झाली हाताला.

"आता सांग, कसं लागायचं?"
"गोड जरा. आंबट. अन्
दाताखाली बारीक काहीतरी कुरकुरायचं."
काकडी, म्हटलं. चिरून, मीठ लावून, पिळून घेतली.
गुळानं रंग काळवंडेल म्हणून साखर.
मोहरी पाट्यावर वाटली, दोघी शिंकून बेजार.
सिरका रईसा आपाकडून आणला,
बाटलीच्या बुडाशी उरला होता तेवढा.
तव्यावर सुकवून चुरलेला कांदा, लसणाच्या दोन पाकळ्या,
मिरची अशी की रंग द्यावा अन् गप बसावं.

मग ती थांबली. आपल्या बोटांकडं बघत राहिली.
"माय, पिचकाऱ्या धुतल्यावर
नखं पिवळी राहायची माझी. दोन-दोन दिवस."
मी माझी नखं बघितली.
चिमूटभर घातली. कुठल्या शिवारातली, कुणाच्या पोत्यातली,
एवढ्याशा चिमटीवरून मलाही सांगता येणार नाही.

तिनं डोळे मिटून चाखलं.
"जवळ आलाय. पण हा नाही."
"काय कमी आहे?"
उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली.
"गार पाहिजे. आतल्या खोलीतून आणायचो आम्ही,
बोटं बधिर व्हायची."
फ्रिज नाही आमच्याकडं.
माठाखालच्या ओल्या वाळूत वाटी रोवली,
वर ओलं फडकं,
आणि दोघी तिथंच बसलो, वाट बघत.
तेवढ्यात तिनं सांगितलं काय झालं होतं ते.
सगळं नाही. ते मी इथं सांगत नाही.

बेकरीतले पाव, बटाट्याच्या टिक्क्या.
पाव हातात घेतला
तर तिचा अंगठा हवेतच दाबला गेला, एकदा.
मी चमचा भरून घातला, मग आणखी एक.
ती वर बघायली. वर पत्रा आहे.

आपाची बाटली रिकामी कशी परत द्यायची?
धुऊन तिच्यात सॉस भरला.
श्रावस्तीनं कागद चिकटवून तारीख टाकली,
खाली 'दोन दिवसांत संपवा',
आणि नावाच्या जागी पेन धरून बसली.
"काय लिहू?"
"राहू दे कोरं, तोंडानं सांगू."

रईसा आपानं झाकण उघडलं, वास घेतला,
बाटली उजेडात धरली आणि म्हणाली,
हे नहाण्याच्या आधी लावायचं का नंतर?