तीन इंची

पायटा बंदर, माकुळाचा बर्फकारखाना.
खरेदीच्या टेबलावर मी.
तीन आठवडे एकच वस्तू शोधतेय:
पाण्याचा व्हॉल्व्ह, तीन इंची,
नव्या गॅसचा दाब सोसेल असा.

लिमा म्हणतं, अडीचच्या वर नाही.
कायाओचा माणूस म्हणतो, तीन आहे, पण जुन्या दाबाचा,
बेलोज फाटला तर मला फोन करू नका.
हॅम्बुर्ग गप्प.

तोवर एलेउतेरिओच व्हॉल्व्ह.
रात्रभर कंडेन्सरपाशी स्टुलावर,
डोळा काट्यावर, हात चाकावर.
काटा चढला की समुद्र थोडा आत घ्यायचा,
उतरला की थोपवायचा.
"मीही जुन्याच दाबाचा," म्हणतो
आणि कॉफी मागतो.

आज मी विचारलं,
अडीचचे दोन, शेजारी शेजारी, चालतील?
तो खडूनं फरशीवर पाइप काढत बसला.
पुसले, पुन्हा काढले.
"पाणी पुरेल. उरेलसुद्धा.
पण एक आधी उघडेल, दुसरा मागून,
माझ्या गुडघ्यांसारखा."

ऑर्डर लिहिली. नग: दोन.
माल यायला अकरा दिवस.
त्यानं चाकाला कोरडं फडकं गुंडाळलं
आणि स्टूल पुढे ओढलं.