कलम चौथे

अर्जाच्या चौथ्या कलमात लिहिलंय,
किमान दोन राज्यं हवीत.
एकट्या राज्याला अनुदान नाही,
मग तिथली नासपती कितीही गोड असो.

मार्लिस टीगची बाग नदीच्या अलीकडे, ओरेगनात.
पलीकडे वॉशिंग्टन, तिथे ऑर्व्हिल स्ट्रँड.
मधे कोलंबिया, एक पूल, पुलाला टोल
आणि चौदा वर्षांचा अबोला.
कशावरून? फवारणीच्या पंपावरून.
उसना नेला, परत आला तेव्हा नोझल नव्हता.
एवढंच.
एवढं पुरतं.

करपा मात्र टोल भरत नाही.
एप्रिलात फुलं उमलली की मधमाशी
इकडचा चिकट थेंब पायाला लावून सरळ तिकडे जाते
आणि जूनमध्ये दोन्ही काठांवर
शेंडे सारखेच वाकलेले, काळे,
जणू रात्रभर कुणी खालून मेणबत्ती धरली होती.

मी कृषी विस्तार कार्यालयात बसते.
लोकांची नुकसानं रकान्यांत बसवते,
त्याचाच पगार घेते.
‘समस्येचे स्वरूप, दोनशे शब्दांत.’
मार्लिस म्हणाली, शब्द कशाला, बूट घाल.
आणि करवतीने कापलेल्या चारशे दहा बुंध्यांमधून
मला चालवत नेलं.
फेब्रुवारी होता. चिखल होता.
ती प्रत्येक बुंध्याचं लावणीचं साल सांगत होती,
मध्येच एका ठिकाणी थांबली, सांगायची राहिली.

रोपवाटिका युसेबियो किरोसची.
वाहाकाहून आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता,
आता गुडघे कुरकुरतात, हात नाही.
खुंटाच्या सालीवर चीर देतो, डोळा सरकवतो, पट्टी गुंडाळतो,
मग अंगठा ठेवून क्षणभर थांबतो,
तापलेल्या पोराच्या कपाळाशी थांबावं तसा.
त्याच्याकडे कोपऱ्यात एक ओळ आहे.
चार उन्हाळे झाले, करपा तिच्या वाटेला गेला नाही.
कुठली जात, मी विचारलं.
म्हणाला, खुंट ऑर्व्हिलच्या बापाच्या बागेतला,
डोळा मार्लिसच्या पंपघराजवळच्या झाडाचा.
“त्यांना ठाऊक आहे?”
“विचारलं कुणी?”

त्या ओळीला काय झालंय, ते शोधायला पैसे हवेत.
संगणकाने त्याच्यासाठी तीनच पर्याय दिले:
प्रमुख संशोधक, सहसंशोधक, हंगामी मजूर.
मी मधला दाबला.
शिक्षण? संगणकाने विचारलं.
मी लिहिलं, डोळे भरतो.
शंभरातले चौऱ्याण्णव धरतात.

शेवटच्या दिवशी मार्लिस पूल ओलांडून गेली.
मी सोबत, कागद माझ्या मांडीवर.
ऑर्व्हिलने चष्मा शोधला, पहिल्या पानापासून वाचलं,
आम्हाला बसा म्हणाला नाही.
“माझ्या बाजूला किती?”
“निम्मे.”
“आणि टोल?”
“कलम सात. प्रवासखर्च.”
त्याने पेन्सिलीने सही केली.
मी शाईने गिरवून घेतली.
निघताना मार्लिसची नजर फडताळाकडे गेली,
जुन्या नळ्या, वॉशर, गंजके स्क्रू.
तिने काही विचारलं नाही,
त्यानेही काही शोधलं नाही.

सप्टेंबरात पत्र आलं.
मागितले त्यातले साठ टक्के मंजूर,
प्रवासखर्च नामंजूर.
टोल आता ज्याचा त्याने भरायचा.
त्यावरून दोघं फोनवर पाऊण तास भांडले,
चौदा वर्षांत इतकं बोलणं झालं नव्हतं.

पत्र घेऊन मी रोपवाटिकेत गेले.
युसेबियो ओळीत वाकलेला,
ऑगस्टात बांधलेल्या पट्ट्या सोडत होता.
मी आकडा वाचून दाखवला.
त्याने नखाने साल जराशी उचलली, खाली हिरवं.
“धरलंय,” म्हणाला
आणि पुढच्या रोपाकडे सरकला.