अठरा हप्ते

सक्करदऱ्याच्या त्या दवाखान्यात
टेबलावर एक प्लास्टिकचा जबडा ठेवलाय.
त्याला कधी काही झालेलं नाही.
डॉक्टर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, असे होतील.
मग एक्स-रे उजेडापुढे धरला
आणि माझ्या रुचिताचं तोंड
पाहुणे आल्यावर घाईत कोंबलेल्या कपाटासारखं दिसलं.

पंचेचाळीस हजार.
आकडा त्यांनी पेन्सिलीनं लिहिला,
जणू खोडता येईल.

इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानात मी बिलं करते.
हळद, धने, भिवापुरी मिरची,
दिवसाला दीडशे बिलं, एका बेरजेत चूक निघत नाही.
शेठनं सगळ्यांचा विमा उतरवला
तेव्हा पेढे वाटले होते.
ते कार्ड मी पर्समध्ये देवीच्या फोटोमागे जपते.
आज पहिल्यांदा बाहेर काढलं, मागचा नंबर लावला.
पलीकडची बाई गोड बोलली.
"अपघात झालाय का, मॅडम?"
नाही.
"मग हे सौंदर्यात येतं."

सौंदर्यात.
रुचिता पोळी बाजूच्या दाढेनं तोडते.
ओठ आतून सोललेला असतो तिचा.
वर्गात तिला किसणी म्हणतात.
मी फोन ठेवला आणि पुढच्या बिलावर
शिक्का असा मारला
की दोन प्रती खालपर्यंत उमटला.

सरकारी डेंटललाही जाऊन आलो,
मेडिकल चौकात सकाळी सातपासून रांग.
तपासणारी शिकाऊ पोरगी होती, फार जपून पाहत होती.
"काकू, इथं स्वस्तात होईल,
पण नंबर पुढच्या उन्हाळ्यात लागेल.
तोवर मी पास होऊन गेले असेन."
खरं बोलली, म्हणूनच तिचा राग आला.

हे म्हणाले, "काहून एवढे पैसे घालून राह्यली बाप्पा?
तुये दात नाहीत का समोर?
तरी झालं ना लगन?"

झालं.
अल्बममध्ये दोनशे फोटो आहेत,
मी एकातही तोंड उघडलेलं नाही.
हे त्यांना चौदा वर्षांत दिसलं नाही.
मीही दाखवलं नाही.

नऊ हजार आधी भरायचे.
भिशीत माझी पाळी नव्हती,
शेवंताताई म्हणाल्या, तू घे, माझं छत पुढच्या वर्षी गळेल.
उरलेले अठरा महिने, दोन-दोन हजार, पाच तारखेला.
नवा कूलर राहिला.
जुन्यालाच नवा वाळा बसवला,
मे महिनाभर तो पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकत होता.

तार लागली त्या रात्री ती रडली.
मी खिचडी इतकी घोटली की तिला चव उरली नाही.
शाळेत आता किसणी म्हणत नाहीत,
तारेचं कुंपण म्हणतात.
हसताना हात अजून तोंडावर जातोच.

सातव्या महिन्यात तिनं पेरू खाल्ला.
चोरून, मीठ लावून, गच्चीवर.
एक चौकट निसटली.
चार दिवस तिनं ती कंपासपेटीत लपवली
आणि आज ताटावर बसल्या बसल्या विचारते,
"आई, चिकटवायला पाचशे लागतात ना?
माझ्याकडे एकशे ऐंशी आहेत."

मला हसू फुटलं.
आवरेना.
हात वर जायच्या आत
सगळं तोंड उघडं पडलं माझं,
दिव्याखाली, तिच्यासमोर.

ती बघत राहिली.
"तुझा पण तो दात माझ्यासारखा आहे गं."
मग जिभेनं आपला दात चाचपून म्हणाली,
"म्हणजे, माझा होता तसा."

मोहरीएवढा तो तुकडा
मी बिलाच्या कोऱ्या कागदात गुंडाळला.
आज तीन तारीख.
परवा जायचंच आहे,
तेव्हाच बसवून घेऊ.