थोडंसं आग्नेयेकडे

वांदरांची टोळी काल चिंचेवरून उतरली,
एक लेकुरवाळी आमच्या छत्रीत बसली
पाळण्यात बसावं तशी, पोराच्या उवा काढत.
तेव्हापासून टीव्हीवर निळा पडदा
आणि मधोमध पांढरी ओळ : सिग्नल उपलब्ध नाही.

बाबांनी आधी बॉक्सच्या पाठीवर थापट्या मारल्या,
मग वायर उपसून फुंकली, पुन्हा खोचली,
मग रिमोटमधले सेल दातांनी चावले,
आणि सगळं करून झाल्यावर
दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या माझ्याकडे बघितलं.
"तू त वायरमन हाय नं वं."

हो. आयटीआयला त्या वर्षी मुली दोघीच होतो.
दुसरीचं लग्न झालं.

दहा-अकराचा पाना, ओढणीच्या गाठीत चिकटपट्टी.
शिडीला तिसरा दांडा नाही, तिथे पाय लांब टाकायचा.
स्लॅबवर चैत्रातलं ऊन,
चपलेतूनही तळवे आलटूनपालटून उचलावे लागतात.
शेजारी गोपिकाबाईच्या स्लॅबवर
त्यांची जुनी छत्री उताणी, तिच्यात सरगुंडे वाळत घातलेले.
तिला सिग्नलशी आता काही देणंघेणं नाही.

आधी जोड बघितला. टेपचा उन्हानं गूळ झालेला,
आतली तार हिरवी.
खरवडली, पिळली, कॅप घट्ट केली.
एलएनबीच्या पाठीवर कुंभारणीनं मातीचं घर केलंय,
अजून त्याला बाहेर पडायचं भोक नाही.
ते राहू दिलं. अडथळा तिचा नव्हता.

मग छत्री.
"सांगा!" मी ओरडले.
पण जिनिंगच्या रेच्यांनी तीस वर्षांत
बाबांचा डावा कान नेला, उजवा अर्धा ठेवला.
म्हणून असं ठरलेलं, की ते आकडे ओरडत राहतील
आणि मी नुसतं ऐकायचं.

"अठरा!"
बोटभर डावीकडे.
"बारा! गेलं!"
उजवीकडे, केसभर.
"बावीस... चोवीस... बावीस वं!"

आग्नेयेला बघते ही छत्री.
आई म्हणायची, तिकडे चूल हवी होती.
तिची चूल उत्तरेला, धूर तिच्याच डोळ्यांत,
गॅस आला तोही तिथेच ठेवला तिनं.
छत्तीस हजार किलोमीटरवर काहीतरी टांगलेलं आहे
कडुनिंबाच्या शेंड्याच्या दोन बोटं वर.
मी तिकडे पाहिलं. एक घार होती.

"चाळीस!"
"पन्नास!"
"सत्तर! सत्तर झालं, ये खाली!"

मी तर हातही लावला नव्हता,
घाम पुसत होते.
खाली गेले. पडद्यावर अकरा.
बाबा माठातून पाणी काढत होते, माझ्याकडे पाठ.
"ऊन लागन तुले. राहू दे.
काय पाहाचं हाय त्याच्यात?"

साडेपाचला हातवाऱ्यांच्या बातम्या लागतात.
ते हातवारे बाबांना कळत नाहीत, कुणी शिकवलेच नाहीत.
तरी ती बाई बोलायला लागली की
यांची बोटं मांडीवर हलतात,
काहीतरी उत्तर देत असल्यासारखी.

पाणी प्याले.
"खोटं सांगू नका," हे उजव्या कानात सांगून
पुन्हा चढले.

"एकतीस."
"अडतीस."
"अडतीस."
आता आवाज मोजका, जरा रागावलेला.
"सत्तेचाळीस."
मी ढकललं नाही,
नुसता तळवा टेकवला पत्र्याला.

मग काहीच नाही.
गोपिकाबाईचा कुकर वाजला. दुसरी शिट्टी.
खालून अजून काही नाही.

म्हणजे चित्र आलं.

आता बोल्ट.
आवळताना छत्री सरकतेच,
म्हणून हवं तिथून थोडं अलीकडे धरून आवळायची,
हे पुस्तकात नव्हतं.
पाव फेरा. थांबले. कान दिला.
खाली शांत.
आणखी पाव.

चिंचेवर ती लेकुरवाळी बसली होती,
पोर पोटाशी, नजर छत्रीवर.
मी पाना उगारला नाही.
नुसता दाखवला.