मागचं इंजिन

पहाटे वास्कोचा फलाट ओला,
बंदराकडून डिझेलचा, सुक्या बांगड्याचा वास,
आणि पप्पा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले.
पिशवीत आमसुलं, दोन असोले नारळ
आणि इस्त्रीचा एक शर्ट,
गदग यायच्या आधी बदलायला.
"खिडकी घ्या," मी म्हटलं.
"तूच घे बाय. मला बाहेर बघायची सवय नाही."

बावीस वर्षं कुळ्यात
गाडीच्या शेपटाला इंजिन लावून
पप्पांनी गाड्या घाटावर ढकलल्या.
सदतिसाला एक चढ.
कॅसलरॉकला कपलिंग सुटायचं,
गाडी जायची हुबळीला, पार हावड्याला,
आणि पप्पा नुसतं इंजिन घेऊन
खाली, जेवायला.

माजोर्डा गेलं. माडांमधून एक पांढरा खुरीस,
फुटबॉलचं मैदान, गोलपोस्टला बांधलेली म्हैस.
मडगावला चहा.
चांदरची शेतं कापणीला आलेली,
सावर्ड्याच्या पुढं गवतसुद्धा तांबडं,
खाणीची धूळ पावसाळ्यानंही न धुतलेली.

कुळ्याला गाडी बराच वेळ थांबली.
मग मागून एक धक्का,
बाटलीतलं पाणी हललं.
"लागलं," पप्पा म्हणाले,
आणि वास्कोपासून पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

बोगदा. पोरांची किंकाळी. उजेड. पुन्हा बोगदा.
आणि मग सगळा डबा एका बाजूला झुकला,
खिडकीखिडकीतून मोबाईल धरलेले हात,
तुषार थेट आमच्या सीटवर.
"पप्पा, दूधसागर!"
ते चष्मा पुसून बघत राहिले.
"एवढा मोठा आहे?"

मी हसले. मग हसायचं राहूनच गेलं.
दिवसाला दोन चढ, आणि काचेसमोर
फक्त गार्डाचा डबा,
त्या डब्याच्या दारात शिवलिंगप्पा कौजलगी.
"पण उतरताना तरी?"
"उतरताना ब्रेक बघायचा की पाणी?"

दहा हातांवरून दोन माणसं
समोरासमोर, तासन् तास,
इंजिनाच्या आवाजात एक शब्द नाही.
हिरवा बावटा, लाल बावटा, बस्स.
तरी पप्पांना ठाऊक होतं
त्याची दाढ कधी सुजली,
मुलगा कधी पास झाला (दारातून पेढा वर धरून दाखवलेला),
आणि बायको गेली त्यानंतर
किती महिने शर्टाला वरचं बटण नव्हतं.

कॅसलरॉक. हलकासा हिसका.
"सुटलं," म्हणाले, आणि मागं वळून पाहिलं.
गाडी चालतच राहिली.
पप्पांनी सीटची कड घट्ट धरली होती.

इथून पुढचं सगळं त्यांना नवं:
लोंढ्याचे साग, धारवाडची मोकळी हवा,
मग काळी माती, कापूस, आणि भलंमोठं आभाळ.
"इथं माणसं सावलीला कुठं जातात?"
मला काय माहीत.
पप्पा आता खिडकीत होते, मी कडेला.
हुबळी गेल्यावर शर्ट बदलून आले,
बटणं दोनदा चाचपली.
"बोलू कुठल्या भाषेत त्याच्याशी?"
"पत्र हिंदीत होतं ना?"
"ते नातीनं लिहिलेलं."

गदगला आमचा डबा पुढं, इंजिनाजवळ.
मी गर्दीत शोधत होते, कुणाच्या हातात पाटी आहे का,
पप्पा तोवर चालायला लागलेले,
गाडीच्या शेपटाकडं.
माझ्या हातात नारळ, "थांबा, पप्पा!"
कसले थांबतायत. गुडघा दुखतो ते विसरून
ते जवळजवळ पळत होते.

शेवटच्या डब्यापाशी
काठी टेकून एक उंच म्हातारा उभा.
त्यानं हाक मारली नाही.
उजवा हात बाहेर काढला, बावटा नसलेला,
आणि सावकाश वर-खाली, वर-खाली हलवला:

हळू. हळू ये.