कलम सात

मसुदा माझा होता, हे आधी कबूल करते.
कलम सात, एकच ओळ:
'प्रत्येक सरकारी रुग्णालयात
रुग्णाच्या भाषेचा दुभाषी असेल.'
त्या 'असेल'साठी मी तीन आठवडे भांडले.
प्रांताच्या वकिलाला 'असू शकेल' हवं होतं,
आणि 'शकेल'मध्ये काय काय बुडालंय
ते मला या नोकरीत पाठ झालंय:
दोन पूल, नळाची एक योजना, अख्खी एक शाळा.

झुनिल्दा दर वेळी रात्रीच्या बसने यायची,
चाको प्रांताच्या त्या टोकाहून, जिथल्या काटेरी जंगलाला
नकाशातच 'अभेद्य' म्हणून ठेवलंय.
केसांत लाल धूळ, थर्मासात गार पाणी,
तेरेरेच्या पानांची पुडी,
आणि पिशवीत भाचीचा कागद,
घड्यांवर विरलेला.
कागदावर अंगठा.
डॉक्टरने स्पॅनिशमध्ये विचारलं होतं,
एर्मेलिंदाने मान हलवली होती,
मोठ्या आवाजापुढे हलवतात तशी.
बाळ जगलं.
आता दुसरं होणार नाही
हे तिला चौदा महिन्यांनी कळलं,
दवाखान्यात गावची एक पोरगी झाडायला लागली तेव्हा.

सुनावणीत तीन मिनिटं मिळाली.
मी स्पॅनिशमध्ये लिहून दिलेलं भाषण
तिनं घडी करून बुडाखाली ठेवलं
आणि बोलली कोममध्ये,
सावकाश, कुणाला तरी वाट सांगावी तशी.
सभागृहात दुभाषी नव्हता.
आमदार एकमेकांकडे बघू लागले,
एकाने कानातलं यंत्र ठोकून पाहिलं,
एक बाई उगाच हसली, मग हसल्याबद्दल खोकली.
अडीच मिनिटांनी झुनिल्दा थांबली, पाणी प्यायली,
आणि त्यांच्या भाषेत म्हणाली,
'मान हलवा ना. तिनं हलवली होती.'

कायदा झाला.
आम्ही कचेरीत एम्पनाडे मागवले,
ओरोस्मानने गिटार काढली, तार तुटकी होती तरी.
नवव्या दिवशी राजपत्र आलं.
कलम सात. 'प्रत्येक सरकारी रुग्णालयात,
शक्य तेथे,
रुग्णाच्या भाषेचा दुभाषी असेल.'
दोन स्वल्पविरामांच्या मधे
ते दोन शब्द पाय पसरून बसले होते,
लग्नात कुणीच न बोलावलेल्या काकासारखे.
माझा 'असेल' शाबूत होता. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

मी म्हटलं, नसण्यापेक्षा बरं.
म्हटलं, पुढच्या अर्थसंकल्पात रेटू.
मी असं म्हटलं, हेही कबूल करते.
झुनिल्दा गावी फोन लावून अंगणात उभी होती,
फोन स्पीकरवर, पलीकडे कोंबड्या, पोरं, म्हाताऱ्या.
ती कलम सांगत होती.
एका जागी अडली. पुन्हा मागे गेली. पुन्हा अडली.
मग काहीतरी छोटंसं म्हणाली
आणि पलीकडे एकदम हशा.
फोन ठेवल्यावर मी विचारलं,
'शक्य तेथे'ला काय म्हणालीस?
म्हणाली, 'मी म्हटलं,
दवाखान्यात दुभाषी असेल. बघू.'

हसली नाही.
त्या म्हाताऱ्यांना आयुष्यभर
ज्या ज्या खिडकीतून 'बघू' मिळालं होतं
त्या सगळ्या खिडक्या एकदम आठवल्या असणार.

आज आम्ही पुन्हा आलोय. तिची बारावी खेप.
नोंदवहीत नाव, गाव, कामाचं स्वरूप.
मी 'दुरुस्ती प्रस्ताव' लिहायला वाकले
तर तिनं माझ्या हातातून पेन घेतलं
आणि मोठ्या, शाळा सुटलेल्या अक्षरात लिहिलं:
'दोन शब्द परत करायला.'

कारकुनाने ते दोनदा वाचलं.
चष्मा काढला, पुसला.
'हे कुठल्या खात्याकडे पाठवू?'
मला खरंच सुचेना.
झुनिल्दा बाकावर बसली होती, चपला काढून,
पेल्यात पानं भरत.
परतीची बस रात्री अकराची.